शेजाऱ्यांच्या कुंपणाने बोळ गिळलाय. काय करावं?

आडवाट

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या घराकडे यायला एकच वाट आहे. रस्ता कसला, बोळच तो. तीन घरांत सामाईक. खरेदीखतात रुंदी १० फूट लिहिली आहे. एका अंगाला मधल्या घराची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारच्या काकांचं हिरवं कुंपण. आम्ही राहायला आलो तेव्हा ते छातीइतकं होतं आणि दिसायलाही सुरेख होतं. आता हात वर केला तरी शेंड्याला लागत नाही. उंचीबद्दल माझी तक्रार नाही. पण ते आडवं सुटलंय. परवा टेप धरून मोजलं, सगळ्यात अरुंद जागी ६ फूट १० इंच उरलेत.

गाडी आत घेताना डावा आरसा मिटवावा लागतो. तरी दारावरून फांद्या घासत जातात, तो आवाज ऐकून दात आंबतात. पावसाळ्यात दुचाकीवरून निघाले की बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत उजवा खांदा चिंब आणि डावा कोरडा. ऑफिसात लोक विचारतात, अर्धाच पाऊस होता का?

काकांशी दोनदा बोलले. पहिल्यांदा म्हणाले, "झाड आहे, वाढणारच." दुसऱ्यांदा, "माळी येणार आहे." त्याला आता आठ महिने झाले. आमच्याकडे दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, रविवारी कातरी घेऊन उभा राहतो, बघू कोण काय म्हणतं. सासूबाई म्हणतात, ते बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यांना कशाला दुखवता.

तर प्रश्न असा: बोळात आलेला भाग आपणच कापला तर चालतं का? की आणखी काही मार्ग आहे?

उंटावरचा_शहाणा

पहिला! बकरी पाळा. कुंपण कमी होईल आणि काकांनी विचारलं तर "बकरी आहे, खाणारच."

चिमटा

कुंपणानेच शेत खाल्लं.

(कुणीतरी म्हणणारच होतं. मीच म्हणून मोकळी झाले.)

खुरपे

कुंपण कशाचं आहे ते आधी सांगा. उत्तर त्यावर आहे. मेंदी, कोयनेल, डुरांटा, कामिनी, बोगनवेल, कण्हेर, शेर या सगळ्यांचा स्वभाव वेगळा. काही गुडघ्यापर्यंत कापली तरी दुप्पट जोमाने येतात, काहींची एक फांदी चुकीच्या जागी तोडली तर भोक कायमचं राहतं.

आणि उंटावरच्या शहाण्या, ते कोयनेल असेल तर तुमची बकरी तोंडही लावणार नाही. गुरं खात नाहीत म्हणूनच ते कुंपणाला लावतात. कण्हेर असेल तर बकरी खाईल आणि मरेल. सुकलेली पानंही विषारीच असतात.

एक_घाव

इतका विचार कसला? नवऱ्याचं बरोबर आहे. वाट तुमची, फांदी वाटेत, फांदी गेली. लोक भिडस्तपणात आयुष्य घालवतात. हे.मा.वै.म. (हे माझं वैयक्तिक मत).

काळा_कोट

@एक_घाव, तुमच्या नावातच खटला आहे. :)

धागाकर्तीला दोन गोष्टी तपासायला सांगेन. पहिली, बोळाची जमीन कुणाची? तिन्ही घरांची सामाईक मालकी आहे, की जमीन एकाची आणि बाकीच्यांना फक्त जाण्यायेण्याचा हक्क? दोन्हींना बोलताना आपण "सामाईक" म्हणतो. कागदावर त्या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी, झाडांची खोडं नेमकी कुणाच्या हद्दीत?

भारतापुरतं बोलायचं तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा, त्याचं ३६ वं कलम बघा. वाटेचा हक्क ज्याला आहे त्याने अडथळा स्वतःच्या हाताने दूर करायचा नाही, असं ते सरळ सांगतं. अडथळा बेकायदा असला तरीही. न्यायालयात जा, मनाई हुकूम मागा, पण कातरी ठेवा खाली. म्हणजे जमीन काकांची आणि तुम्हाला नुसती वाट असेल, तर रविवारचा बेत रद्द. तुमच्या स्वतःच्या जमिनीवर लोंबणाऱ्या फांद्यांची गोष्ट निराळी, पण तिथेही आधी लेखी कळवलेलं कधीही बरं.

हा सल्ला नाही, गप्पा आहेत. कागद बघितल्याशिवाय कुणी वकील छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

धुक्यातला

इकडे इंग्लंडात कुंपण हा राष्ट्रीय भांडणाचा विषय आहे. लेलँडी नावाचं एक सुरूच्या जातीचं झाड आहे, ते वर्षाला तीनेक फूट सहज वाढतं. त्यापायी शेजारी इतके भांडले की २००३ साली कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भागच घालावा लागला. दोन किंवा अधिक झाडं रांगेत, बहुतांशी सदाहरित आणि उंची २ मीटरच्या वर असेल, तर स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. त्याआधी आपसात मिटवायचा प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं. पण हे सगळं उंचीबद्दल. रुंदीबद्दल तो कायदा गप्प आहे, म्हणजे धागाकर्तीला इथेही उपयोग नव्हता.

आपल्या जागेवर आलेली फांदी मात्र हद्दीच्या रेषेपर्यंत कापता येते, सूचना न देताही. लेमन विरुद्ध वेब हा जुना खटला, निकालसंग्रहाच्या १८९५ च्या खंडात आहे. गंमत अशी की कापलेली फांदी मालकाचीच राहते. म्हणजे कापायची तुम्ही आणि मग विचारायचं, "तुमची फांदी परत हवी का?"

चिमटा

आणि तो म्हणतो, "हो, होती तिथेच लावून द्या."

पूर्वेकडून

जपानचं ऐका. इथल्या नागरी संहितेत शेजाऱ्याचं मूळ तुमच्या जमिनीत आलं तर तुम्ही कापू शकता, पण फांदी आली तर कापता येत नव्हती, मालकालाच सांगावं लागायचं. मुळाला एक न्याय, फांदीला दुसरा. शंभरेक वर्षं हे असंच चाललं. १ एप्रिल २०२३ पासून बदल झाला. सांगूनही मालकाने वाजवी मुदतीत कापली नाही, मालक सापडतच नसला किंवा तातडीची निकड असली, तर आता आपण कापू शकतो. ओस पडलेली घरं इतकी वाढली की सांगायचं कुणाला हाच प्रश्न झाला होता.

आडवाट

बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

@खुरपे, आज जवळ जाऊन नीट बघितलं. बहुतेक कुंपण गडद हिरव्या, चकचकीत पानांचं आहे. पांढरी फुलं, त्यातून लांब जांभळट तंतू बाहेर आलेले. पान चुरगाळलं तर उग्र वास येतो. आणि बोळाच्या तोंडाशी, फाटकाजवळ, चार मोरपंखी आहेत. खाली फुगून नगाऱ्यासारख्या झाल्यात. ६ फूट १० इंच तिथेच आहे.

@काळा_कोट, खरेदीखत काढलं. "सामाईक वहिवाटीचा बोळ" एवढंच लिहिलंय. मालकी कुणाची ते सरळ कळत नाही.

खुरपे

तंतू म्हणजे पुंकेसर. कोयनेल आहे ते, निःशंक. काळजीच करू नका. कोयनेल चिवट. जाड खोडापर्यंत मागे नेलं तरी त्याच खोडावर नवे फुटवे येतात.

खरी अडचण मोरपंखीची आहे, आणि बोळही नेमका तिथेच अरुंद. लोक इथेच फसतात. मोरपंखीची एक फांदी हाताने बाजूला करून आत डोकवा. बाहेर वीतभर हिरवा थर, आत सगळं तपकिरी, कोरडं. त्या तपकिरी लाकडावर सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. तुम्ही "सरळ रेषेत" कापायला गेलात आणि हिरवा थर ओलांडलात, की आतला सांगाडा उघडा पडतो आणि तसाच राहतो. वर्षानुवर्षं. धुक्यातल्यांच्या लेलँडीचंही तेच. अशा सूचिपर्णी झाडांत यू नावाच्या वृक्षासारखी मोजकीच जुन्या लाकडातून फुटतात, पण तो इथे अपेक्षित नाही.

तेव्हा कोयनेल आणि मोरपंखी हे दोन वेगळे प्रश्न समजा. कोयनेलसाठी रीत अशी:

एका वेळी एकच बाजू. यंदा बोळाकडची बाजू खोडाच्या जवळपर्यंत मागे घ्यायची, वरचा भाग आणि काकांकडची बाजू तशीच ठेवायची. ती पानं झाडाला पोसतात, तोवर कापलेल्या बाजूने फुटवे येतात. पुढच्या हंगामात दुसरी बाजू. दोन्हीकडून एकदम भादरलं तरी कोयनेल जगेल, पण वर्षभर काड्यांची जुडी दिसेल.

आकार खाली रुंद, वर निमुळता ठेवायचा. सगळे माळी याच्या उलट करतात, कारण वरचं टोक कापायला शिडी लागते आणि शिडीवर चढायचा कंटाळा. वर रुंद झालं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, बूड उघडं पडतं, आणि मग लोक म्हणतात कुंपण म्हातारं झालं. म्हातारं कसलं, उपाशी आहे ते.

दोन काठ्या रोवून सुतळी ताणा आणि सुतळीवर कापा. डोळ्यावर विश्वास ठेवून कापलेलं कुंपण दहा पावलांवर बाहेर आलेलं असतं, हे मी स्वतःच्या कर्तृत्वावरून सांगतोय. अंगठ्याहून जाड फांद्यांना लांब दांड्याची कातरी किंवा करवत, बारीक असतील तर सिकेटर (छाटणीची हातकातरी). कडक उन्हात नको, वाढीचा हंगाम सुरू होताना करा. नंतर बुडाशी शेणखत आणि आठवडाभर पाणी.

सुगरणीचा_खोपा

कातरी लावायच्या आधी एक विनंती. आत घरटं आहे का बघा. बुलबुलाला अशी दाट, छातीइतकी उंच कुंपणं फार आवडतात. घरटं वाटीएवढं, बाहेरून अजिबात दिसत नाही. आईबापांची ये-जा दहा-पंधरा मिनिटं लांबून बघत बसलं की कळतं. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिन्याभराचा कारभार असतो. तेवढं थांबा. ब्रिटनमध्ये पक्षिप्रेमी संस्था मार्च ते ऑगस्ट कुंपण कापूच नका सांगतात, आणि वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे पक्षी पंचांग बघून घरटी बांधत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष बघणं हाच उपाय.

एक_घाव

आठ महिने माळी, आता महिनाभर बुलबुल. काकांना हा धागा दाखवू नका, त्यांना आयती कारणं मिळतील.

सुगरणीचा_खोपा

@एक_घाव, हा हा. पण बुलबुल काकांपेक्षा शब्दाचा पक्का असतो, महिन्यात जागा रिकामी करतो.

हिशेबी

सोपा उपाय सांगू? रात्री मुळाशी खारं पाणी ओतत राहा. किंवा तणनाशक. कुणाला कळतंय.

खुरपे

@हिशेबी, कळतं. आणि समजा कळलं नाही, तरी मेलेलं कुंपण जागा सोडत नाही! पानं झडतील, फांद्या तिथेच राहतील, वाळून आणखी टोकदार होतील. गाडीच्या दाराला आधी पानं घासत होती, आता काट्या घासतील. शिवाय खारवलेली माती काकांच्या हद्दीशी थांबत नाही, बोळापलीकडची तुमची झाडंही जातील. फार घाणेरडा सल्ला आहे.

काळा_कोट

+१. शिवाय दुसऱ्याचं झाड मुद्दाम मारणं हे नुकसान आहे. तक्रारदार होतात ते आरोपी व्हाल. संपादकांनी तो प्रतिसाद उडवला तर हरकत नाही, पण मला वाटतं खुरप्यांच्या उत्तरासकट राहू द्यावा.

जुनापुराणा

मिठाचा विषय निघाला म्हणून अवांतर. मिठासाठी कुंपण ही गोष्ट आपल्या देशात खरोखर घडलीय.

इंग्रजांनी मिठावरच्या करासाठी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. करचुकवे मीठ आत येऊ नये म्हणून तिच्यावर काटेरी कुंपण उभं केलं. सुरुवातीला वाळलेल्या काट्यांचं. ते वाळवी खायची, वाऱ्याने उडायचं, आगीत जायचं. मग जिवंत कुंपण लावायला घेतलं: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जिथल्या मातीत जे येईल ते. या कामाला जोर दिला तो जकात आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, होय, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच. ऐन भरात ही रेषा २,३०० मैलांच्या आसपास होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसं राखणीला होती. १ एप्रिल १८७९ ला रेषा मोडीत काढली. नंतर एवढं मोठं कुंपण लोक विसरून गेले. कित्येक ठिकाणी त्याच्या पट्ट्यावर रस्ते झाले म्हणतात.

म्हणजे आपल्याकडे कुंपणाचा रस्ता झाला, आणि आडवाटताईंकडे रस्त्याचं कुंपण.

चिमटा

वा.खु. (वाचनखूण) साठवली. ह्यूमसाहेबांना कुणी सांगितलं असेल का, "झाड आहे, वाढणारच"?

धुक्यातला

मग स्कॉटलंडातलं मिकलोअरचं बीच कुंपणही येऊ द्या. १७४५ साली लावलेलं, रस्त्याच्या कडेने ५३० मीटर लांब आणि ३० मीटरच्या घरात उंच. साधारण दहा वर्षांतून एकदा छाटतात. जगातलं सगळ्यात उंच कुंपण.

उंटावरचा_शहाणा

त्याला बकरी पुरायची नाही. जिराफ.

मोजपट्टी

धागा मिठात आणि जिराफात हरवण्याआधी कामाचं लिहितो.

आडवाट, तुम्ही फांदीपासून भिंतीपर्यंत मोजलंत. आता खोडापासून भिंतीपर्यंत मोजा. तीन-चार ठिकाणी, जमिनीला टेप टेकवून. खोडं हद्दीच्या आत असतील तर लावणाऱ्याची चूक नाही, छाटणी राहिली एवढंच. खोडच बोळात असेल तर गोष्ट वेगळी, मग सरकारी मोजणीशिवाय बोलू नका. टेप पसरलेला ठेवूनच फोटो काढा, तारखेसह. भांडायला नव्हे. सहा महिन्यांनी "इतकं कुठे होतं?" असं कुणी म्हणालं की फोटो बोलतो.

रुंदीचा मुद्दा मांडताना तुमच्या आरशापासून सुरुवात करू नका. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांच्यापासून करा. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत अग्निशमन गाडीच्या वाटेला ३.७ मीटर, म्हणजे १२ फुटांहून थोडी जास्त रुंदी धरतात. तुमचा बोळ मुळातच १० फुटांचा, त्यातले ३ फूट गेलेले. आमच्या ओळखीत एकदा स्ट्रेचर अशाच वाटेवरून हातांवर उचलून न्यावं लागलं होतं. गाडी पन्नास पावलांवर, पण आत येईना. घरातलं माणूस वाचलं, पण दुसऱ्या दिवशी कुंपण कापायला सगळी आळी उतरली. काकांचं घरही त्याच बोळावर आहे ना? मग हा त्यांचाही प्रश्न आहे.

निवृत्त_नाही

मी या धाग्यातला काका. म्हणजे तुमचे काका नव्हे, पण माझंही कुंपण आहे आणि माझ्याबद्दलही शेजाऱ्यांनी असंच म्हटलेलं आहे.

मी "माळी येणार आहे" असं दोन वर्षं सांगत होतो. खरं कारण सांगायला लाज वाटत होती. आधी एकदा माळ्याला बोलावलं, मी कामासाठी बाहेर गेलो, परत येऊन बघतो तर त्याने अर्ध्या दिवसात सगळं मांडीइतकं आणून ठेवलं होतं. संध्याकाळी दिवा लावून खुर्चीत वर्तमानपत्र उघडलं. पाच मिनिटांनी मान वर केली तर समोरच्या गच्चीवरची मुलगी मला हात करत होती. तेव्हा कळलं की माझी बैठकीची खोली आता नाटकाचा रंगमंच झालीय. पडदे घेतले, तरी वर्षभर घरात अवघडल्यासारखं वाटत राहिलं. त्यानंतर कुणी छाटणीचा शब्द काढला की मी टोलवायचो.

त्यामुळे ताई, तुम्ही "कधी कापणार?" असं विचारलंत. एकदा "यामागे तुमची कोणती खोली आहे?" असं विचारून बघा. उत्तर मिळेलच असं नाही. काही काका नुसतेच आळशी असतात.

वाचनमात्र

दहा वर्षं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. शेराचं कुंपण असलेल्यांनी कृपया चष्मा लावल्याशिवाय हात लावू नये. माझ्या वडिलांनी एक फांदी मोडली आणि त्याच हाताने घाम पुसला. चीक डोळ्यात गेला. दोन दिवस डोळा उघडत नव्हता, डॉक्टरांनी धुऊन धुऊन थेंब दिले. तसंच कण्हेरीच्या फांद्या जाळू नका, धूरही वाईट. धागाकर्तीला लागू नाही, पण इथे वाचून कुणीतरी उद्या कातरी उचलेल म्हणून लिहिलं.

खुरपे

वाचनमात्र, स्वागत. दहा वर्षांतून एक, पण लाखाचा प्रतिसाद.

एक_घाव

मला अजून वाटतं की निवृत्त_नाही यांनी पडदे लावावेत आणि लोकांना रस्ता द्यावा. आडोसा तुमची गरज, तर आडोशाची जागाही तुमच्याच हद्दीतली हवी.

निवृत्त_नाही

@एक_घाव, तत्त्वाला हरकत नाही. म्हणूनच शेवटी मी कापलं. फक्त बोळाकडून, खुरपे म्हणतात तसं. आतली बाजू राखली.

आडवाट

अपडेट. (पु.भा.प्र., म्हणजे "पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत", म्हणणाऱ्यांसाठी.)

शनिवारी संध्याकाळी एकटीच गेले. नवरा आणि कातरी दोन्ही घरी ठेवले. मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे खोडांपासून मोजलं होतं: सगळी खोडं हद्दीच्या आत साधारण ९ इंच. म्हणजे लावताना काकांनी जागा सोडून लावलंय. आधी तेच सांगितलं त्यांना. ते म्हणाले, "मी स्वतः दोरी लावून खड्डे काढले होते." तेवढ्याने चेहरा जरा सैल झाला.

मग विचारलं, यामागे कोणती खोली आहे. काका गप्प. मग उठून आत घेऊन गेले. मागची खोली, मोठी खिडकी, पलंग खिडकीला लागून. म्हणाले, "तुमची गाडी रात्री बोळात वळते ना, तिचे दिवे सरळ इथे येतात." आणि भिंतीवर हात फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत. नवरा आठवड्यातून चार दिवस रात्री साडेअकराला येतो. कुंपण फाटकाजवळ इतकं दाट का होऊ दिलं ते तेव्हा उमगलं. मोरपंखीही त्यासाठीच मागाहून लावलेल्या.

मला काय बोलावं सुचेना. तीन वर्षांत ते एकदाही म्हणाले नव्हते. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "गाडी आहे, दिवे असणारच."

चिमटा

काका!!! ___/\___

उंटावरचा_शहाणा

काकांना इथे सदस्यत्व द्या. ताबडतोब.

आडवाट

ठरलं ते असं. कोयनेल बोळाकडून मागे घ्यायचं, वरचा भाग आणि आतली बाजू तशीच. माळी आमचा, कामाच्या वेळी काका हजर. नवऱ्याने वळण्याआधी दिवे खाली करायचे (हे त्याला सांगितलं तेव्हा तो कातरीकडे बघत होता). कापलेला पाला काकांच्या मागच्या खड्ड्यात, त्यांना खताला हवाय. बुलबुल नाही, दोन दिवस सकाळी बसून बघितलं. एक जुनं रिकामं घरटं आहे, ते तसंच ठेवलंय.

अडलं ते मोरपंखीवर. @खुरपे, हिरवा थर वीतभरसुद्धा नाही. कापलं तर सांगाडा, आणि काकांची खिडकी उघडी. खालच्या फांद्या काढल्या तर गाडीला जागा होते, पण दिवे नेमके त्याच उंचीवर. आता?

खुरपे

कापूच नका, बांधा. मोरपंखीच्या फांद्या मुळात उभ्या असतात, वजनाने आणि पावसाने बाहेर कलतात, म्हणून झाड फुगल्यासारखं दिसतं. एकेक फांदी हाताने आत दाबा आणि मऊ, रुंद पट्टीने मधल्या खोडाभोवती सैलसर गुंडाळत वर न्या. तार नको, नायलॉनची बारीक दोरी नको, सालीत रुतते. दोन माणसं लागतात, एकाने कवेत धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. हातांना खाज सुटेल, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. चारही झाडांचे फूट-सव्वा फूट तरी मिळतील. मग बाहेर आलेली हिरवी टोकं तेवढी दर हंगामात खुडत राहायची. पट्टी वर्षातून एकदा सोडून पुन्हा बांधायची, हे विसरू नका.

मोजपट्टी

आणि हे जे ठरलंय ते तिन्ही घरांच्या सह्यांनी एका कागदावर लिहून ठेवा. चार ओळी पुरेत: रुंदी किती राखायची, कुणी कापायचं, कधी. आज सगळे गोड आहेत. घरं विकली जातात, माणसं बदलतात.

काळा_कोट

याला माझी फी लागत नाही, तरी अनुमोदन. त्या कागदावर बोळाच्या मालकीबद्दल काही लिहू नका, नसलेला वाद उभा राहील. फक्त देखभालीचं लिहा.

एक_घाव

ठीक आहे, मी माझा घाव मागे घेतो. पण आठ महिने गेले हेही खरं.

आडवाट

झालं काम. एक पूर्ण दिवस लागला. कोयनेलच्या बाजूला आता ९ फूट २ इंच. मोरपंखीपाशी बरोबर ८ फूट. बांधायला नवरा आणि काका होते, नवऱ्याने झाड कवेत धरलेलं आणि काका पट्टी गुंडाळत सूचना देत होते: "आवळू नका, श्वास घेऊ द्या त्याला." झाडाला की नवऱ्याला, ते कळलं नाही. बोळाकडून कुंपण सध्या भयाण दिसतंय, नुसती खोडं आणि करवतीच्या पांढऱ्या खुणा. मधल्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, मेलं बहुतेक. कागदावर सह्या झाल्या. मी अजूनही सवयीने आरसा मिटवते.

खुरपे

मेलेलं नाही. तीन-चार आठवडे द्या. पाणी घालताय ना?

आडवाट

घालतोय, एक दिवस आम्ही, एक दिवस काका. आज बारावा दिवस. सकाळी काकांनी फाटकातून हाक मारली. तिसऱ्या खोडावर, कापल्याच्या खाली बोटभर अंतरावर, टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं आहे. चष्मा लावून बघावं लागलं.

उंटावरचा_शहाणा

बकरी परत करतोय मग.